अटकेनंतरचे चोवीस तास आणि मूलभूत हक्क

प्रश्न असा विचारला गेला आहे: राज्यघटनेत मूलभूत हक्कांचा स्वतंत्र भाग आहे, त्यांच्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची सोय आहे, आणि तरीही दरवर्षी कोणता ना कोणता आंतरराष्ट्रीय अहवाल भारताला खालच्या पायरीवर बसवतो, मग आपला देश आपल्या माणसांचे हक्क कितपत जपतो, हे सामान्य नागरिकाने कशावरून ठरवावे?

मी जिल्हा व सत्र न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ फौजदारी वकिली केली आहे आणि त्यातला मोठा काळ विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे वकील लावण्याची ऐपत नसलेल्या आरोपींसाठी, काम केले आहे. त्यामुळे शिक्षण, अन्न किंवा अभिव्यक्ती या हक्कांबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. माझे उत्तर घटनेच्या अनुच्छेद २१ आणि २२ पुरते, म्हणजे जीवित, व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेपासूनचे संरक्षण यांच्यापुरते आहे. मात्र हा भाग मोजमापासाठी सर्वांत उपयोगी आहे असे माझे मत आहे, कारण ज्याचे शरीरच सरकारच्या ताब्यात आहे त्याच्याशी सरकार कसे वागते यात आडपडदा फार कमी राहतो.

कागदावर पाहिले तर आपली तरतूद कोणत्याही देशाने हेवा करावा अशी आहे. अटक केलेल्या माणसाला कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे अनुच्छेद २२ मध्येच लिहिलेले आहे. याच अनुच्छेदाच्या पुढच्या खंडांत प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याला, शांततेच्या काळातही परवानगी दिलेली आहे, याकडे मात्र शाळेच्या नागरिकशास्त्रात कोणी फारसे लक्ष वेधत नाही.

न्यायालयांनी हे हक्क वाढवलेही आहेत आणि एकदा पार गमावलेही आहेत. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की, अनुच्छेद २१ स्थगित असताना बेकायदा स्थानबद्ध केलेल्या माणसालाही हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका करता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी दिलेला उलट कौल त्या एका दिवसात पुसला गेला. विरोधी निकाल लिहिणारे न्या. हंसराज खन्ना यांना पुढे सरन्यायाधीशपद डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना ते जुने मत चुकीचे होते असे नोंदवले, तेव्हा तो निकाल लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. पण प्रत्यक्ष दुरुस्ती न्यायालयाच्या कितीतरी आधी संसदेने केली होती: १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. देशाने आपली चूक मतपेटीतून आणि कायद्यातून सुधारली, ही भारताच्या खात्यावरची खरी जमा आहे, आणि टीका करताना ती विसरणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता पोलीस ठाण्याकडे वळतो.

कायद्यातले चोवीस तास अटकेच्या क्षणापासून मोजायचे असतात, आणि नेमका तो क्षण लिहिणे पोलिसांच्या हातात असते. माणसाला ‘चौकशीसाठी बोलावले’ असे सांगून सकाळी आणले जाते, तो दिवसभर बाकावर बसून राहतो, कधीकधी रात्रही तेथेच काढतो, आणि अटक फॉर्मवर दुसऱ्या दिवशीची दुपारची वेळ पडते. स्टेशन डायरीत त्याच्या येण्याची नोंदच नसते. नातेवाईक ठाण्याच्या फाटकाबाहेर उभे असतात आणि त्यांना ‘साहेब आले की सांगतो’ एवढेच उत्तर मिळते. असे प्रत्येक ठाण्यात घडते असे मी म्हणणार नाही. नियम काटेकोर पाळणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांच्यामुळे माझे काम सोपेही झाले आहे. पण हे इतक्या वेळा घडते की नवा वकील पहिल्या वर्षातच ते गृहीत धरायला शिकतो, आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर आहे.

यावर उपाय काढलेले नाहीत असे नाही. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पाठवलेल्या पत्राची याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकरा निर्देश दिले: अटकेचे ज्ञापन (मेमो) तयार करून त्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, वेळ आणि तारीख टाकून आरोपीचीही सही घ्यावी, आप्ताला कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, इत्यादी. हे निर्देश आता बहुतेक सर्व कायद्यात आले आहेत. प्रत्यक्षात साक्षीदाराच्या जागी ठाण्यात नेहमी हाताशी असणाऱ्या पंचाची सही दिसते, आणि ‘नातेवाइकांना कळविले’ या ओळीपुढे कोणाला, किती वाजता, कोणत्या क्रमांकावर कळवले हे कोरे असते. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, कोठडीत आणि व्हरांड्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपावे असा आदेश झाला. आम्ही चित्रण मागतो त्या दिवसाचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, नादुरुस्त निघतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की वकिलांच्या खोलीत त्यावर आता कोणी हसतही नाही. बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली.

दंडाधिकाऱ्यापुढची पहिली हजेरी, ज्याला आम्ही रिमांड म्हणतो, हा या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे आणि बहुतेक वेळा तो काही मिनिटांत संपतो. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न रीत म्हणून आलेला नाही; त्याचा उगम मुंबईत आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्यांपैकी काहींना पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यात होते, आणि १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की दंडाधिकाऱ्याने प्रत्येक आरोपीला छळाबद्दल विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही त्याला सांगावे. स्त्रियांच्या कोठडीवर महिला पोलीस असाव्यात आणि अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला मिळावी, हेही त्याच निकालातले आहे. प्रश्न आजही रोज विचारला जातो. पण तो विचारला जातो तेव्हा आरोपीच्या शेजारी तोच शिपाई उभा असतो, ज्याच्या ताब्यात पुढची पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, जाणार आहे. उत्तर ‘नाही’ असे येते आणि रोजनाम्यात ‘तक्रार नाही’ अशी ओळ पडते. मी एका तरुण अशिलाला तळपाय दाखवायला सांगितले, म्हणून त्या दिवशी ती ओळ बदलली. त्याला चपला काढता येत नव्हत्या. मी त्या न्यायालयात नसतो तर ती नोंद तशीच राहिली असती, आणि पुढे वर्षभर कोणीही कितीही सांगितले तरी ‘पहिल्या हजेरीत तक्रार केली नाही’ हेच त्याच्याविरुद्ध वाचले गेले असते.

अलीकडचा एक बदल मात्र खऱ्या अर्थाने कामाचा आहे. अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत हे आधी आर्थिक गुन्ह्यांच्या आणि दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणांत ठरले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने ते सर्वच गुन्ह्यांना लागू केले: कारणे लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी, नाहीतर अटक बेकायदा. या निर्देशाला परिणाम जोडलेला आहे, म्हणून तो पाळला जाण्याची शक्यता मला अधिक वाटते. बसू प्रकरणातील निर्देश मोडल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई करता येते, पण त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि अटक झालेल्या मजुराच्या घरचे लोक त्या वेळी वकिलाच्या पहिल्या फीची जुळवाजुळव करत असतात. दुसऱ्या बाजूला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत पसरून घेण्याची मुभा दिली आहे. पूर्वी एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली आणि पहिले पंधरा दिवस उलटले की सर्वसाधारणपणे आरोपी पोलिसांच्या हातून सुटला असे आम्ही मानत असू. आता ती खात्री राहिलेली नाही.

छळाबद्दल स्वतंत्र कायदा भारतात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला मान्यता देऊन तो बंधनकारक करणे आजवर झालेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीनंतर बारगळले आणि २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुदा दिला, तोही पडून आहे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी असे नव्या संहितेचे कलम १९६ सांगते, पण चौकशीत पोलीस दोषी दिसले तर पुढे काय, यावर ते मौन पाळते. ही पोकळी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे त्या मुलाच्या आईच्या याचिकेत उघडी पडली आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. गुन्हा फक्त नोंदवला जावा, एवढ्यासाठी एका आईला उच्च न्यायालयात जावे लागले आणि सात महिने थांबावे लागले. एखादा देश हक्क कसे जपतो हे मला कोणी एकाच प्रकरणावरून विचारले, तर मी हे प्रकरण सांगेन.

तरीही बदल होत नाही असे मानायला मी तयार नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने सोडले. वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांच्यासह चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदाच बदलला: कोठडीतील बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे अशी तरतूद आली. त्या मुलीला त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या खटल्यांत मात्र मी ती तरतूद काम करताना पाहिली आहे.

जामिनाकडे येतो, कारण संख्येने सर्वांत अधिक माणसांचा हक्क तेथे हरवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती, जागा सुमारे ४ लाख ३६ हजारांची होती, आणि आतल्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष. यातील सर्वांना जामीन नाकारलेला असतो असा लोकांचा समज आहे. तसे नाही. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही, ऐपतीचा दाखला नाही, सातबारा दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, म्हणून आत राहिलेली माणसे मी दर महिन्याच्या तुरुंगभेटीत पाहिली आहेत. ऊसतोडीच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यात पकडलेल्या एका मजुराला पंधरा हजारांच्या जामिनासाठी स्थानिक जामीनदार मागितला गेला. त्याला ओळखणारा त्या तालुक्यातला एकमेव माणूस मुकादम होता आणि तोच फिर्यादी होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात नेमके हेच चूक ठरवले होते: दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागून, भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले होते, आणि न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा सांगावे लागले, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिना गेला तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट. केंद्र सरकारने त्याच वर्षी गरीब कच्च्या कैद्यांसाठी ४० हजार रुपयांपर्यंत जामिनाची रक्कम भरण्याची योजना आणली, ती चांगली आहे, पण ती मिळवण्यासाठी जिल्हा समितीपुढे जाणारा कागद कोणीतरी तयार करावा लागतो.

नव्या संहितेच्या कलम ४७९ ने, याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची सोय केली आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली. त्याच कलमात मात्र एक उपकलम आहे: एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. चोरीच्या एका गुन्ह्यात पकडलेल्या पारधी तरुणावर त्या भागातील तपास न लागलेल्या आणखी चार चोऱ्या दाखवल्या गेल्या की हे दार बंद. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी ‘सराईत’ हा शब्द ठाण्याच्या नोंदवहीत या समाजाच्या नावापुढे टिकून राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनुसार कामवाटप रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदीतील जातीचा रकाना काढायला सांगितले. म्हणजे प्रजासत्ताकाच्या ७४ वर्षांनंतरही तुरुंग नियमावलीत मनुस्मृतीची सावली अधिकृतपणे छापलेली होती.

यूएपीए (बेकायदा कृत्यांविरुद्धचा, दहशतवादाच्या प्रकरणांत लावला जाणारा कायदा), एमपीडीए (धोकादायक ठरवलेल्या माणसाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणारा महाराष्ट्राचा कायदा) आणि तडीपारी यांवर वेगळे उत्तर लिहावे लागेल, म्हणून थोडक्यात. यूएपीएच्या कलम ४३-ड(५) मुळे पोलिसांचा कागद सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन जवळपास अशक्य होतो. खटला मात्र वर्षानुवर्षे उभाही राहत नाही. याच कायद्याखाली अटकेत असलेले, पार्किन्सन्सचे रुग्ण असलेले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांनी तळोजा तुरुंगात नळीच्या पेल्यासाठी अर्ज केला, तर त्याची सुनावणी सुमारे तीन आठवडे पुढे गेली. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते मुंबईतील रुग्णालयात वारले. खटला लांबल्यास घटनात्मक न्यायालये या कलमाचा अडसर असूनही जामीन देऊ शकतात, हे त्याच वर्षी नजीब प्रकरणात ठरले होते. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सांगितले, तरी सणांच्या आणि निवडणुकांच्या आधी तडीपारीच्या नोटिसा आणि चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याच्या कारवाया, यांची संख्या कशी वाढते, हे कोणत्याही प्रांत कार्यालयाबाहेर उभे राहून पाहता येईल.

मानवी हक्क आयोगाबद्दल लोक मला आशेने विचारतात. १९९३ चा कायदा आयोगाला चौकशीचे अधिकार देतो, पण घटनेला एक वर्ष उलटले की दखल घेता येत नाही आणि शेवटी हाती येते ती शिफारस. नुकसानभरपाईच्या काही शिफारशी सरकारे पाळतात. दोषी अधिकाऱ्यावर खटला चालवण्याच्या शिफारशीचे भवितव्य वेगळे असते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास आयोगात आलेले पोलीस अधिकारीच करतात, हा आक्षेप राष्ट्रीय आयोगांच्या जागतिक संघटनेनेही घेतला आणि २०२३ व २०२४ मध्ये आपल्या आयोगाचे मानांकन पुढे ढकलले.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, तेव्हा बेकायदा अटकेबद्दल भरपाई मिळण्याच्या कलमापुरते, भारतीय कायद्यात असा हक्क नाही, असे नोंदवून ठेवले. चार वर्षांनी बिहारच्या रुदल साहच्या याचिकेचा निकाल आला: १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही तो १९८२ पर्यंत तुरुंगात होता. न्यायालयाने त्याला एकूण ३५ हजार रुपये दिले आणि भरपाईचा मार्ग उघडला. कराराला जोडलेली ती टीप आजही कायम आहे, आणि बेकायदा अटकेसाठी किती रुपये, कोणाच्या पगारातून, किती दिवसांत, हे सांगणारा कायदा आजही नाही. आंतरराष्ट्रीय क्रमवाऱ्यांबद्दल माझे मत विचाराल तर त्यांचे गुण मी वाचतो, पण ते गुण कोणत्या ठाण्यातल्या कोणत्या रजिस्टरवरून दिले हे मला कळत नाही, म्हणून त्यांवरून मी भांडत नाही.

स्वतः पाहायचे असेल तर फौजदारी न्यायालये कायद्याने खुली आहेत. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसावे, शक्यतो सुट्टीच्या दिवशी, कारण त्या दिवशी वकील कमी असतात. आरोपीच्या हातात अटकेच्या कारणांचा कागद आहे का आणि तो कोणत्या भाषेत आहे, विधी सेवेचा वकील त्याच्याशी बोलला की नुसता उभा राहिला, आणि तक्रारीचा प्रश्न विचारताना न्यायाधीशांनी शिपायाला बाहेर जायला सांगितले का, एवढे टिपून घ्यावे. मी इतक्या वर्षांत शिपायाला बाहेर पाठवणारे मोजके न्यायाधीश पाहिले. त्यांच्यापुढे ‘तक्रार आहे’ असे सांगणाऱ्या आरोपींची संख्या मात्र इतर कोणत्याही न्यायालयापेक्षा जास्त असे.